माउस निवडताना: पीटीएफई, मॅग्नेशियम आणि ‘एरोस्पेस ग्रेड’

दिवसभर कॅडवर ड्रॉइंग करायची असतात, त्यामुळे नवा माउस घ्यायचं ठरल्यावर रिव्ह्यू बारकाईनं वाचले. तो हातात कसा बसतो हे दोन ओळींत उरकलेलं आणि नावं मात्र ठळक: व्हर्जिन पीटीएफई, मॅग्नेशियम अलॉय, एरोस्पेस ग्रेड अॅल्युमिनियम. मग मी ठरवलं, नाव दिसलं की ते कुठल्या भागाचं आणि तिथे त्याचं काम काय, हे आधी शोधायचं.

पीटीएफई सोपं निघालं. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना ते योगायोगानं सापडलं. टेफलॉन हे त्याचंच व्यापारी नाव, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. माउसच्या तळाच्या घसरपट्ट्या, ज्यांना स्केट म्हणतात, त्याच्या असतात. व्हर्जिन म्हणजे पुनर्वापराचा माल किंवा भर न घातलेलं. स्वस्त माउसलाही बऱ्याचदा पीटीएफईच असतं, काळा रंग घातलेलं. मला जास्त महत्त्वाची वाटली ती पट्टीची जाडी आणि कडेची गोलाई, कारण धारदार कड कापडी पॅडवर खरवडते. ते फार थोड्या रिव्ह्यूंत सापडलं.

मॅग्नेशियमवर मात्र मी थांबलो. ‘हलका धातू’ हे खरं आहे, पण कशाच्या तुलनेत? त्याची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.७४ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७ आणि नेहमीच्या एबीएस प्लास्टिकची जेमतेम १.०५. सारख्याच जाडीचं कवच केलं तर मॅग्नेशियमचा माउस जडच होणार. त्याचा फायदा ताठपणात आहे: भिंत पातळ करता येते, जाळी कापता येते. भिंत किती पातळ केली, हे न सांगता धातूचं नाव देण्यात काय अर्थ?

भोसरीत मोल्डिंगचं काम करणाऱ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, “अरे, एबीएसच असू दे. आत रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, कुठे दिल्यात ते बघ, कवच त्यांच्यावरच उभं राहतं.”

एरोस्पेस ग्रेड नावाचा ठरलेला एकच मिश्रधातू नाही. ६०६१ क्रमांकाचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू विमानात वापरतात, तसा सायकलच्या फ्रेमलाही. रिव्ह्यूत क्रमांक नसेल तर मी तो शब्द सोडून पुढे वाचायचो.

शेवटी ज्यांनी माउस काट्यावर ठेवला होता आणि दोन्ही बाजूंनी दाबून कवच करकरतं का ते तपासलं होतं, तेवढेच रिव्ह्यू धरले. एबीएसचाच घेतला. गोल कडांचे जाड स्केट वेगळे मागवून लावले.