हा चमचा नक्की कशाचा?

चांदीच्या जुन्या वस्तूंमध्ये एक चमचा भल्याभल्यांना गंडवतो. इवलीशी वाटी, तिला नक्षीत कापलेली भोकं, दांडी एकदम बारीक आणि टोकाला भाल्यासारखं अणकुचीदार काहीतरी. कोणी म्हणतं औषधाचा, कोणी म्हणतं लोणच्याचा, एखादा तर कान कोरायचा म्हणून मोकळा होतो (शी!), आणि गंमत म्हणजे सगळे एकदम कॉन्फिडंट.

तर हा निघतो चहाचा. १८व्या शतकात इंग्लंडमधे वापरायचे, कपात तरंगणारा चोथा भोकांच्या वाटीने काढायचा आणि किटलीच्या तोटीत आतून पानं अडकली की ते टोक घालून मोकळी करायची. पुढे गाळण्या आल्या आणि बिचाऱ्याचं कामच गेलं.

बहुतेक लोक आधी छाप शोधतात, म्हणजे इंग्लंडमधे चांदीवर ठोकलेल्या हॉलमार्कच्या बारीक खुणा. छापावरून बरंच कळतं, चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, अक्षरावरून वर्ष. पण वस्तू कशाची आहे ते छाप थोडीच सांगणार! त्यासाठी वस्तूच उलटसुलट करून बघावी लागते. म्हणजे छोट्या चमच्याच्या फक्त वाटीला आतून सोन्याचा मुलामा असेल तर मला आधी अंडं किंवा मीठ आठवतं, कारण अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मीठ तर तिला खातंच, म्हणून मधे सोनं, नुसता थाट नव्हे. माशाची सुरी चांदीची का, तर स्टेनलेस स्टील आलं १९१३ च्या सुमारास, त्याआधीच्या साध्या पोलादाला लिंबू लागलं की डाग पडायचे आणि घासाला लोखंडाची चव यायची. आणि वाटीच नाही, दोन्ही टोकांना नुसते पन्हळ, एक रुंद एक अरुंद, असं काही दिसलं तर ते नळीतला मगज काढायचं. जसं हाड तसं टोक, यात डोकं आहे राव.

फसवणारे पण असतात. जुने साधे चमचे घेऊन त्यांच्यावर नंतर व्हिक्टोरियन काळात द्राक्षं, नाशपाती ठोकून त्यांना फळांचे चमचे केलेत, म्हणजे छाप एका जमान्याचा आणि नक्षी दुसऱ्याच.

म्हणून सापडल्या सापडल्या घासूनपुसून चकचकीत करायची घाई करू नका प्लीज, आधी कडा बघा. उजव्या हाताने वर्षानुवर्षं ताटलीवर घासलेला चमचा टोकाला डावीकडून झिजतो. तो जेवणातला. ज्याची कड अजून नव्यासारखी धारदार आहे तो एक तर वाढायचा, नाहीतर लग्नात आहेर म्हणून आलेला आणि मग कधी डब्यातून बाहेरच न निघालेला, आणि असे बरेच असणार असा माझा दाट संशय आहे, कारण एवढे प्रकार घेऊन रोज जेवायला बसायचं तर कुठला कशाला हे आठवेपर्यंतच जेवण गार व्हायचं.