खिशातला खोटा खडू

शाळेची निमंत्रणपत्रिका आली आणि मला आधी आठवला तो खाकी चड्डीचा खिसा, भुकटीने पांढराफटक झालेला. आठवीत असताना लंगडीचं रिंगण आखायला मी वर्गातले तीन खडू ढापले आणि विज्ञानाच्या सरांनी मला पकडलं. सर म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

छडीसाठी हात पुढे केला. सरांनी तळव्यावर खडू ठेवला आणि डब्यातली लिंबाची फोड त्यावर पिळली. काही झालं नाही. मग रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरचा शिंपला कुटून त्यावर पिळली, तर फसफस बुडबुडे!

"मेल्या, चोरलास तोही खोटाच! हा जिप्समचा. खरा खडू शिंपल्याच्या जातीचा."

मग तासभर त्याच खोट्या खडूने फळ्यावर खऱ्या खडूची गोष्ट. समुद्राच्या वरच्या थरात उन्हावर जगणारी एकपेशीय शैवालं, मिलिमीटरभर रेघेवर शंभरेक बसतील एवढी बारीक. अंगावर चुन्याच्या गोल चकत्यांचं चिलखत. एकेकटी चकती तळाला जायची तर फार वेळ लागणार. पण बारीक जलचर ही शैवालं खातात आणि चकत्या त्यांच्या लेंड्यांतून भराभर खाली जातात. 'लेंड्या' ऐकून आम्ही इतके खिदळलो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. तरीही हजार वर्षांत थर साचायचा तो जेमतेम काही सेंटिमीटरचा. साधारण 10 कोटी ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी युरोपचा बराच भाग उबदार समुद्राखाली होता, तेव्हाची ही साठवण.

"आणि आपल्याकडे, सर?"

"त्या काळाच्या अखेरीला आपल्याकडे लाव्हा ओतत होता. म्हणून आपल्याला काळा कातळ, आणि तो कुजून झालेला जांभा."

पुढे मी बोटीवर लागलो. (आज चीफ इंजिनीअर आहे, हे लिहायचा मोह आवरत नाही.) पहिल्याच वर्षी इंग्लिश खाडीतून जाताना इंग्लंडातल्या डोव्हरचे पांढरे कडे दिसले, त्याच खऱ्या खडूचे. काही ठिकाणी शंभर मीटरहून उंच! सगळे फोटो काढत होते, मला लेंड्या आठवून हसू फुटत होतं. सरांना चार पानी पत्र टाकलं.

परवा शाळेत डोकावलो. वर्गात स्क्रीन आलेत, खडू जवळजवळ गेलेच. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे कोणालाच सांगता येईना. वाईट वाटलं.

सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं होतं, एका ओळीचं : "लिंबू पिळून पाहिलंस का?"

बोट थांबली नव्हती, सर.