हेन गापेल ल्लिग्वी: अँगलसीचं बिनछपराचं चॅपेल

वेल्समधल्या अँगलसी बेटावर मॉइल्व्रे गावाजवळ आम्ही गेलो ते डिन ल्लिग्वी ही रोमन काळातली वस्ती बघायला. शेतातून चालताना आई थबकली. डावी-उजवीकडे नुसतं गवत, आणि मधेच चार भिंतींचं, छप्पर नसलेलं एक छोटंसं चॅपेल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर. पुढचा तास तिथेच गेला, आणि दिवसभरात मनात राहिलं तेही तेच.

'हेन' म्हणजे जुनं, 'गापेल' म्हणजे चॅपेल. मूळ शब्द 'कापेल', पण वेल्श भाषेत 'हेन'नंतर 'क'चा 'ग' होतो. ल्लिग्वीतला 'ल्ल' म्हणताना जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची.

भिंतींचा खालचा भाग १२व्या शतकातला आहे. वरचा भाग १४व्या शतकात पुन्हा बांधला, म्हणजे जीर्णोद्धारच तो. १६व्या शतकात दक्षिणेला एक लहान दालन जोडलं, त्याच्याखाली तळघर आहे. म्हणून आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून सावकाश फेरी मारा. दक्षिणेचा अर्धगोल कमानीचा दरवाजा आणि पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीच्या टोकावरची घंटेची जागा नीट बघा. घंटा नाही, पण ती चौकट आभाळासमोर अजून ताठ उभी आहे. मला सगळ्यात जास्त तीच आवडली.

तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या अरुंद आहेत, आत अंधार असतो. मोबाइलचा टॉर्च लावा आणि डोकं सांभाळा. आई वरच थांबली, ते बरंच झालं.

तिकीट नाही. देखभाल 'कॅडू' ही वेल्सची सरकारी संस्था करते. गाडी लावायला रस्त्याकडेला जेमतेम जागा आहे, त्यामुळे सकाळीच पोचा. पावसानंतर चिखल होतो, चांगले बूट हवेतच. फाटकं आठवणीने लावून घ्या. शौचालय किंवा चहाची सोय नाही, ते मॉइल्व्रेतच उरकून या.

डिन ल्लिग्वी इथून थोडंच पुढे, झाडीत आहे. परतताना त्याच रस्त्यावरचा नवाश्मयुगीन दफनकक्षही बघा. त्याच्यावरची शिळा सुमारे २५ टनांची आहे. पण वेळ कमी असेल तर चॅपेलचा वेळ कापू नका. उत्तरेकडे तोंड करून भिंतीपाशी उभं राहिलं की खाली ल्लिग्वीचा उपसागर दिसतो, आणि वारा अंगावर येतो. जाकीट गाडीत विसरू नका.