तुम्ही विचारलंत म्हणून: अपडेट झालं आणि जुना प्रोग्रॅम कोसळायला लागला

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "कोडला कुणी हात लावलेला नाही, फक्त सिस्टीम अपडेट झाली आणि प्रोग्रॅम मध्येच बंद पडायला लागला. अपडेट मागं कसं घ्यायचं?" विचारणारा सांगलीच्या मार्केट यार्डातला असेल तर पुढं हेही असतं, की हळदीचे सौदे चालू आहेत, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, थांबलेत, लवकर सांगा.

अपडेट मागं घेऊ नका. उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर जीलिबसी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत कामांची सामायिक लायब्ररी (तयार कोडचा संच), जबरदस्तीनं खालच्या आवृत्तीला नेली तर पट्टीचा प्रोग्रॅम राहू दे, साधी फाइल्सची यादीसुद्धा दिसेनाशी होईल, कारण मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावरच उभा असतो. आधी डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. लिहिता लिहिता कोसळणारा प्रोग्रॅम फाइल अर्धवट सोडतो, आणि पुन्हा पुन्हा चालवून बघण्यात ती फाइल आणखी खराब होते.

मग नक्की काय बदललं ते बघा. उबुंटूवर पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये कुठलं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीला गेलं ते तारीखवार असतं. "आम्ही अपडेट केलंच नाही" यावर विसंबू नका, सुरक्षेची अपडेट्स उबुंटू आपली आपण घेतं. तारखाही जुळतीलच असं नाही. चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीत चढवलेली जुनी लायब्ररीच वापरत राहतो. अपडेट सोमवारी होतं, गुरुवारी वीज जाते, मशीन पुन्हा चालू होतं आणि नवी लायब्ररी तेव्हा पहिल्यांदा चढते. दिवाणजी म्हणतात, विजेनं बिघडलं.

आता प्रोग्रॅम आयकॉनवरून न उघडता टर्मिनलवरून चालवा आणि शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. सुरूच होत नसेल तर एलडीडी चालवा, प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दिसते. एखाद्या लायब्ररीपुढं "नॉट फाउंड" दिसलं तर दुखणं सोपं आहे, उपचार मात्र लोक हमखास चुकीचा करतात: नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सॉफ्टलिंक, म्हणजे जुन्या नावानं नवीच फाइल उघडणारा दुवा. लायब्ररीच्या नावातला आकडा बदलतो तो आतली मांडणी बदलली म्हणूनच. उबुंटू २२.०४ मध्ये एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल १.१ जाऊन ३.० आली. तिला १.१ चं नाव देणं म्हणजे दुसऱ्याच हळदीच्या पोत्यावर राजापुरी लिहून ठेवणं. पोतं फोडेपर्यंत निभावतं. नव्या लायब्ररीवर कोड पुन्हा कंपाइल करणं, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम नव्यानं बांधणं, हाच इथला मार्ग.

प्रोग्रॅम सुरू होऊन मध्येच कोसळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं चूक बहुतेक वेळा जुन्या कोडमध्ये पहिल्यापासून असते, आणि आजवर ती पोटात घालणारी लायब्ररी आता बदललेली असते. यातली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे, कारण मराठी नावांमुळं ती फार मजेशीर दिसते. तक्रार अशी असते: पाटलांची पट्टी निघते, कुलकर्ण्यांची निघत नाही.

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "पाटील" ५ चिन्हांचं, म्हणजे १५ बाइट. "कुलकर्णी" ८ चिन्हांचं, म्हणजे २४. सी भाषेतल्या कोडमध्ये नावासाठी जागा घेताना, मेमरी देणाऱ्या मॅलॉकला नावाची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचा आकडा तसाच दिलेला असतो, नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठीचं अधिक एक राहिलेलं असतं. ६४ बिटच्या जीलिबसीत मॅलॉक देतो त्या मेमरीच्या सर्वांत लहान तुकड्यात वापरायला २४ बाइट मिळतात. पाटलांना शून्य धरून १६ लागतात, त्यामुळं चूक असूनही काही होत नाही. कुलकर्ण्यांना लागतात २५. पंचविसावा बाइट पुढच्या तुकड्याच्या आकाराची नोंद पुसतो. पुढं नुसती मोकळी जागा असेल तर निभावून जातं. वापरातला तुकडा असेल तर तो फ्री (मोकळा) करताना जीलिबसीला नोंद बिघडलेली दिसते आणि ती प्रोग्रॅम तिथंच थांबवते. शेजारी कोण बसणार हे मेमरीच्या वाटपावर ठरतं, आणि ते वाटप आवृत्तीगणिक बदलत आलंय. २०१७ च्या जीलिबसी २.२६ मध्ये मोकळे झालेले तुकडे हाताशी ठेवणारा टीकॅश आला, २०१९ च्या २.२९ मध्ये एकच तुकडा दोनदा फ्री केला तर पकडणारी जादा तपासणी आली.

म्हणून जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना कुठलं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी, काढून ज्या ओळीवर कोसळलं तिथंच कोड दुरुस्त करत बसू नका. ती ओळ फक्त प्रेत सापडल्याची जागा. घाव कुठं बसला ते मेमरीच्या चुका पकडणारं व्हॅलग्राइंड सांगतं, तेही पुन्हा कंपाइल न करता. २४ बाइटच्या तुकड्याला लागून लगेच पुढं १ बाइट लिहिला गेला, आणि तो तुकडा अमुक फंक्शननं घेतला होता, इतकं स्पष्ट. प्रोग्रॅम डीबग माहितीसह बांधलेला असेल तर ओळीचा क्रमांकही मिळतो. व्हॅलग्राइंडखाली सगळं कितीतरी पट हळू चालतं, तेव्हा दिवसभराच्या पट्ट्या घालू नका, अडणारी एकच घाला. कोड हाताशी असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर ही कंपायलरमधलीच मेमरी-तपासणी लावून कंपाइल केलेला प्रोग्रॅम त्याहून पुष्कळ वेगानं हेच सांगतो. दोन्ही एकदम मात्र वापरता येत नाहीत.

बॅकट्रेसमध्ये पॉइंटरचे, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचे, आकडे वाचायची सवय ठेवा. हल्लीच्या ६४ बिट उबुंटूवर मॅलॉकनं दिलेला पत्ता ५५ किंवा ५६ नं सुरू होणारा, १२ अंकी हेक्स (१६ च्या पायावरचा) आकडा असतो. तिथं आठच अंक दिसले, किंवा पुढं एफची रांग लागलेली दिसली, तर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेलाय. दुसऱ्या फाइलमधलं पॉइंटर परत देणारं फंक्शन हेडरमध्ये जाहीर न करता वापरलं की जुना कंपायलर त्याचं उत्तर इंट, म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, धरायचा. पूर्वी पत्ते इतके लहान असायचे की कापूनही काही जायचं नाही. उबुंटू १६.१० पासून प्रोग्रॅम मुळात उंच पत्त्यांवर चढायला लागले आणि ही झाकली मूठ उघडली. २०२४ च्या जीसीसी १४ या कंपायलरनं तर असा कोड घ्यायचंच बंद केलं. लोक त्यावर चिडतात. मला ते योग्य वाटतं.

मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडं उतरवणाऱ्या मेमसीपीवायचंही तसंच. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी ते नाहीच, तिथं मेममूव्ह हवं. रकान्याच्या सुरुवातीचं एक अक्षर काढून बाकीचं डावीकडं सरकवताना ही चूक फार होते. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेयरचा आवाज याच कारणानं खराब झाला होता. जीलिबसी २.१४ नं आधीच बांधलेल्या प्रोग्रॅमना जुनी वागणूक ठेवून दिली, म्हणून कधी कधी जुनी बायनरी (आधीच बांधलेला प्रोग्रॅम) नीट चालते आणि तोच कोड पुन्हा कंपाइल केला की बिघडतो.

आणि एक न कोसळणारा बिघाड. २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ ला गेलेल्या मशीनवर पोस्टग्रेस डेटाबेसचे नावांवरचे इंडेक्स (शोधायच्या सूच्या) जुन्याच क्रमानं राहतात. खातं असतं, पण शोधल्यावर सापडत नाही, आणि कुणीतरी तेच खातं दुसऱ्यांदा उघडतं. रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधा, पण आधी दुबार खाती शोधा.

सौदे संपेपर्यंत दम नसेल तर उबुंटू १८.०४ च्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या बंदिस्त जुन्या उबुंटूत, जुना प्रोग्रॅम चालवा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं डिव्हाइस त्याला वेगळं जोडून द्यावं लागतं. १८.०४ चा नेहमीचा आधार २०२३ मध्ये संपलाय, तेव्हा त्या कंटेनरला इंटरनेट देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर तपासायला "अबक" टाकू नका. वर सांगितलेले तुकडे २४, ४०, ५६ असे १६ च्या पायरीनं वाढतात, नावंही नेमकी तेवढ्या बाइटची घ्या. एकटं कुलकर्णी २४ चं. त्याच्याआधी सुनील आणि एक स्पेस लावली की ४०. नाव, वडलांचं नाव आणि आडनाव मिळून १८ चिन्हं आणि दोन स्पेस असतील तर ५६. या तिन्ही पट्ट्या व्हॅलग्राइंडखाली काढा, एकदा उघडून आणि एकदा रद्द करून.