इन्सुलिनचा कप्पा किती थंड? मी तापमान कसं तपासते

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. फ्रिजच्या नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. म्हणून कमाल-किमान नोंद ठेवणारा, लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर घेतला.

आधी त्याचीच परीक्षा. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरला, फटी भरतील एवढंच पाणी ओतलं, ढवळलं आणि प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) मधोमध धरला, काचेला न टेकवता. पाच मिनिटांनी 0 दिसायला हवं, दिसलं 0.8. म्हणजे दर वेळी 0.8 वजा करायचे. तशी चिठ्ठी थर्मामीटरच्या पाठीवरच चिकटवली. पाणी जास्त होऊन बर्फ तरंगायला लागला, तर ही चाचणी फसते.

प्रोब मोकळा ठेवला की दार उघडताच आकडा उडी मारतो आणि उगाच धस्स होतं. हवा तापते, औषध इतक्या लवकर तापत नाही. त्यामुळे प्रोब पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवला आणि बाटली औषधाच्या डब्याला खेटून ठेवली. वायर बिजागरीच्या बाजूने बाहेर काढली.

दारातला कप्पा सतत गरम-गार होतो, तो बादच. डबा मधल्या फळीवर होता. तरी सकाळी किमान आकडा 1.1, म्हणजे खरा 0.3! सगळं लक्ष कमाल आकड्याकडे असतं. खरी भीती या किमानची. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं, तरी टाकूनच द्यायचं. नॉबला हात लावण्याआधी मागे पाहिलं: फ्रीझरची हवा जिथून येते, त्या झरोक्यासमोरच डबा. चार बोटं पुढे, एका बाजूला सरकवला. चोवीस तासांनी किमान 3.9, वजाबाकी करून 3.1.

आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि लगेच रीसेट. रीसेट विसरलं की परवाचा आकडा आजचा वाटतो. वीज गेली तर दार उघडायचं नाही, डिस्प्ले बाहेर आहेच.

एक उणीव राहते. कमाल 11 दिसलं, तर ते दहा मिनिटं होतं की सहा तास, हे हा थर्मामीटर सांगत नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने नोंद करणारा डेटा लॉगर लागतो. तो नसेल, तर वहीतल्या वेळा घेऊन फार्मासिस्टला विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत ते इन्सुलिनचं पेन वेगळं ठेवायचं, पण फ्रिजमध्येच.