गाडी बदलताना आवडता नंबर: काय जमतं, कुठे अडतं

"गाडी जाऊ दे, नंबर ठेवायचाय." शोरूममध्ये एक्स्चेंजची बोलणी चालू असताना हे वाक्य हमखास येतं. सेल्समन मान डोलावतो, "करू काहीतरी" म्हणतो आणि नेमकं काय करायचं ते शेवटपर्यंत सांगत नाही. मग पासिंग होऊन भलताच नंबर येतो आणि आरडाओरडा सुरू होतो.

मुळात नंबर गाडीला दिलेला असतो, मालकाला नाही. गाडी विकली की तो तिच्याबरोबर जातो. दिल्ली-गुजरातकडचे "जुना नंबर नव्या गाडीला चढवा" असे व्हिडिओ पाहून इथे तसंच होईल असं धरू नका, तो ज्या त्या राज्याच्या नियमांचा विषय आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात सरळ चालणारा रस्ता म्हणजे चालू मालिकेतून, म्हणजे सध्या ज्या दोन अक्षरांचे नंबर देतायत त्यांतून, तेच चार आकडे पसंतीचा क्रमांक म्हणून घेणं. जुनी गाडी सोलापूरची, एमएच १३ सीएस ४९१२ असेल, तर मधली दोन अक्षरं बदलतील, ४९१२ राहील. बहुतेकांना जीव त्या चार आकड्यांतच अडकलेला असतो, त्यामुळे एवढ्यावर भागतं.

आकडा मोकळा आहे का, हे गाडी बुक करायच्या आधी बघायचं. परिवहन खात्याच्या फॅन्सी नंबरच्या पोर्टलवर राज्य, कार्यालय आणि वाहनाचा प्रकार निवडला की चालू मालिकेतले शिल्लक नंबर दिसतात. मोबाइलवर ओटीपी घेऊन नोंदणी करायची, नंबर निवडायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, पावती उतरवून घ्यायची. शिल्लक नंबरांसाठी हा मार्ग आहे आणि घरबसल्या होतो. पंढरपूर, सांगोला, माळशिरस भागातल्या ज्यांची जुनी गाडी एमएच ४५ ची, म्हणजे अकलूजची आहे, त्यांनी कार्यालय निवडताना अकलूज आणि सोलापूर यांत गल्लत करू नये. एका कार्यालयात पैसे भरून दुसरीकडे पासिंगला गेलात तर ती पावती चालत नाही.

मालिका नुकतीच उघडणार असेल तर वेगळी तऱ्हा असते. आरटीओ आधी जाहीर सूचना काढतं आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत सोलापुरातल्या विजापूर रोडच्या कार्यालयात अर्ज घेतं. अर्जासोबत मूळ शुल्काचा डीडी, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो. एका नंबरला एकच अर्ज आला तर विषय संपला. दोन किंवा जास्त आले तर यादी फलकावर लागते आणि लिलाव होतो. ज्यांना बोली लावायची त्यांनी जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा, पाकिटं अर्जदारांसमोर फोडतात आणि ज्याचा डीडी मोठा त्याला नंबर. तोंडी बोली नसते. समोरचा किती लावतोय हे कळत नाही, नंतर वाढवताही येत नाही. म्हणून आपली कमाल रक्कम घरीच ठरवा आणि तेवढ्याचाच डीडी काढा. कार्यालयाच्या आवारात चहाच्या गाड्यावर मिळणारी "अमक्याने एवढे लावलेत" ही माहिती बहुधा भाव चढवायलाच सोडलेली असते.

डीडीपायी बरेच अर्ज बाद होतात. सूचनेत ज्या पदनामाने डीडी मागितलाय ते अक्षर न अक्षर तसंच हवं. राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँकेचा डीडी मागतात. आपल्याकडे निम्म्या पेठेचे व्यवहार नागरी बँका आणि पतसंस्थांतून होतात, तेव्हा डीडी काढायच्या आधी आपली बँक चालते का ते विचारा. आणि डीडी आदल्या दिवशीच काढून ठेवा. अर्जाची वेळ दुपारी संपते आणि बँकेत सकाळी प्रिंटर बंद असतो, हा योग सोलापुरात दुर्मिळ नाही.

शुल्काबाबत ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने मोठी उडी घेतली. ०००१ साठी चारचाकीला बहुतेक जिल्ह्यांत ५ लाख आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख लागतात. दुचाकीला तोच नंबर १ लाखाला आहे. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ हे चारचाकीला अडीच लाख, दुचाकीला ५० हजार. बाकीचे नंबर मागणीप्रमाणे खालच्या टप्प्यांत येतात. चारचाकीच्या मालिकेत हवा तो नंबर गेला असेल आणि दुचाकीच्या मालिकेत तो मोकळा असेल, तर तिप्पट शुल्क भरून तिथून उचलता येतो. ज्यांचा आकडा साधा आहे, म्हणजे जन्मतारीख किंवा वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर, त्यांनी तिप्पटीच्या नादी लागू नये. मालिका संपेपर्यंत थांबलं तर पुढच्या मालिकेत तोच आकडा साध्या शुल्कात मिळतो. चारचाकीची मालिका दुचाकीपेक्षा सावकाश भरते हे मात्र लक्षात ठेवा. दसरा आणि पाडव्याच्या आधी मागणी एकदम वर जाते.

भरलेलं शुल्क परत मिळत नाही, राखलेला नंबर बदलून मिळत नाही. पावतीवर मुदत असते. तेवढ्यात गाडी नोंदवली नाही तर नंबरही जातो आणि पैसेही. लांब वेटिंग असलेलं मॉडेल घेणाऱ्यांनी गाडीचा चासी नंबर डीलरकडे आल्याशिवाय शुल्क भरू नये. लिलावाची वेळ चुकवता येत नसेल तर तेवढा धोका पत्करावा लागतो, पण निदान डिलिव्हरीची तारीख डीलरकडून लेखी घ्या.

आता नावाचा घोळ, कारण सगळ्यात जास्त पावत्या इथे अडकतात. पावतीवरचं नाव आणि नव्या गाडीच्या बिलावरचं, फॉर्म २० म्हणजे नोंदणीच्या अर्जावरचं नाव एकच लागतं. चादर-टॉवेलच्या धंद्यातली मंडळी नंबर स्वतःच्या आधारवर घेतात आणि गाडी फर्मच्या नावावर काढतात, घसारा दाखवायला. पासिंगच्या टेबलावर ते थांबतं. फर्मच्या नावावर गाडी असेल तर नंबरही फर्मच्या नावाने, फर्मच्या पॅनवर घ्या. २०२४ च्या त्याच अधिसूचनेने राखलेला नंबर पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावावर करायची सोय दिली आहे. भाऊ, पुतण्या, भागीदार यांचं नाव त्यात नाही. आधारवर "सिद्धेश्वर" आणि पॅनवर "सिद्धाराम" असली भानगड असेल तर ती आधी मिटवा.

पावती हातात आली की डीलरच्या पासिंगवाल्या माणसाला तिची प्रत द्या. सेल्समनला देऊन भागत नाही. नवीन गाडीचं पासिंग डीलरच्याच लॉगिनमधून होतं. त्याने पसंतीच्या नंबरचा पर्याय न घेता फाइल पुढे ढकलली तर यंत्रणा चालू रांगेतला नंबर देऊन मोकळी होते आणि तो मागे घेता येत नाही. "पसंतीचा नंबर आहे, पावती जोडली आहे" हे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या, सही घ्या. पावतीची तारीख बिलाच्या आधीची असली की पुढचं सगळं सुरळीत जातं.

जुन्या गाडीकडे वळू. तिचं हस्तांतर अर्धवट ठेवून नवा नंबर मिरवण्यात अर्थ नाही. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लावून आधी बोजा उतरवा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. थकीत चलन असेल तर फाइल हलत नाही, ते आधी भरा.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि तिला हाय सिक्युरिटी प्लेट बसवलेली नसेल, तर हस्तांतराआधी ती बसवून घ्यावी लागते. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. ऑर्डर टाकताना चासी आणि इंजिन नंबर जुळत नाही असा संदेश आला तर घाबरू नका. जुन्या गाड्यांची नोंद वहीतून संगणकावर चढवताना बऱ्याच चुका झाल्यात, काही चढल्याच नाहीत. आरसी घेऊन कार्यालयात नोंद दुरुस्त करावी लागते, मग ऑर्डर जाते. प्लेट बसवताना चार गोष्टी बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, पुढच्या आणि मागच्या प्लेटचे लेझर क्रमांक वेगवेगळे आणि दोन्ही पावतीशी जुळणारे, आणि काचेवरचं स्टिकर. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी. डिझेलच्या गाडीला निळं चिकटवून मोकळे होणारे फिटर असतात, तिथल्या तिथे बदलून घ्या.

ही प्लेट खिळ्यासारख्या स्नॅपलॉकने बसते. एकदा बसली की लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून "प्लेट काढून आठवण म्हणून ठेवतो" हे विसरा. ती गाडीची आहे, गाडीबरोबर द्या. रेडियमवाल्याकडून पूर्वी करून घेतलेल्या जुन्या प्लेटा माळ्यावर पडल्या असतील तर कापून भंगारात टाका. तुमचा जुना नंबर आता दुसऱ्याच्या गाडीचा आहे.

याच प्लेटने एक हौसही संपवली. ४९१२ चा पवार, २१४ चा राम, ४१४१ चे दादा आणि इंग्रजी ८०५५ चा बॉस. सरकारी प्लेटवर आकडे एकाच ठशाचे, इंग्रजी, आणि २१४ असेल तर ०२१४ असाच येतो. रेघ मारून राम काढायची सोय उरली नाही. शोसाठी वेगळी प्लेट लावली तर दंड होतो. नुसत्या या अक्षरांच्या गंमतीसाठी नंबरला जादा पैसे मोजत असाल तर पैसे वाचवा.

जुनी गाडी विजापूर, इंडी किंवा कलबुर्गीला जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी काढावी लागते. तिकडच्या गिऱ्हाइकाला घाई असते ती गाडी न्यायची. तो तिकडे नवा नंबर घेईपर्यंत कागदावर मालक तुम्हीच राहता. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, तो जबाबदार. गाडी शोरूमला एक्स्चेंजमध्ये देत असाल तर डीलर जुन्या वाहनांचा अधिकृत परवानाधारक आहे का ते विचारा आणि फॉर्म २९सी भरून ताबा दिल्याची ऑनलाइन नोंद करून घ्या. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून देणं हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि तो वाईट आहे.

तेच चार आकडे घेणाऱ्यांना एक जादा त्रास होऊ शकतो. सीएस ४९१२ अजून याच शहरात फिरतेय आणि तुमच्याकडे ईके ४९१२ आली. जुन्या गाडीची नोंद तुमच्या नावावर राहिली असेल तर तिचं चलन तुमच्याच मोबाइलवर येतं, आणि आकडे ओळखीचे दिसल्यामुळे लोक न बघता भरूनही टाकतात. मधली अक्षरं आणि चलनातला फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

फास्टॅगचंही तेच. टॅग काचेवरून काढला तरी खातं चालू राहतं, आणि काढला नाही तर तुम्ही घरी जेवत असताना सावळेश्वर टोलला पैसे कापल्याचा मेसेज येतो. विक्रीच्या दिवशीच बँकेच्या अ‍ॅपवरून टॅग बंद करा. नव्या गाडीचा टॅग सुरुवातीला चासी नंबरवर निघतो. पासिंग झालं की, गाडी घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत, त्यावर नोंदणी क्रमांक चढवा, नाहीतर टॅग काळ्या यादीत जातो. विम्याच्या पॉलिसीवरही नंबर चढवून घ्या, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात.

नंबर आला नाही तरी एक गोष्ट हक्काने तुमच्याबरोबर येते आणि ती मागायला लोक विसरतात: विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळते. हा हप्ता १८ हजार असेल आणि तुम्ही ५० टक्क्यांवर असाल तर ९ हजार वाचतात. विक्रीचे कागद दाखवून जुन्या कंपनीकडून एनसीबी राखल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि दुसऱ्या कंपनीतही चालतं. कारचा बोनस कारलाच लागतो, बुलेटला नाही. शोरूमवाला विम्याचं कोटेशन देतो त्यात हा रकाना बहुधा शून्य असतो. पत्र पुढे करून कोटेशन परत काढायला सांगा.