कळलावी: भांडणाची की बाळंतपणाची?

कळलावी म्हटलं की आधी नारदमुनीच आठवतात. आमच्या देवरुखकडे अजून सांगतात, कळलावीच्या वेलीची ही फुलं घरात आणू नयेत, जावाजावांत जुंपते. माझ्या चुलतसासूबाई तर अंगणातच अडवतात, "गो, आत नको आणूस ती!" आणि भाद्रपदात गौर बसवायची वेळ आली की त्याच गडग्यावर चढलेल्या वेलीची फुलं सगळ्यांच्या आधी तोडून आणतात. विचारलं तर म्हणतात, "ते गौरीचे हात हो, कळलावी नव्हे." एकाच फुलाला दोन नावं असली की अशी सोय होते.

माझं मत विचाराल तर भांडणाचा अर्थ मागाहून चिकटला. नावातली कळ ही पोटातली, बाळंतपणाची. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या वनस्पतीच्या नावांची माळ दिली आहे, तिच्यात 'गर्भनुत्' आहे, म्हणजे गर्भाला बाहेर ढकलणारी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, मूल झालं पण वार (नाळेमागचा गोळा) पडत नसेल तर हिच्या मुळाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, बाईच्या तळहातांना नि तळपायांना लावायला सांगितला आहे. एवढं सगळं समोर असताना जावांना कशाला मध्ये ओढायचं? त्याच माळेत 'कलिहारी'ही आहे. कलि म्हणजे भांडण, आणि ते हरण करणारी ती कलिहारी, अशी फोड केली तर आमच्या सासूबाईंच्या नेमकं उलट होतं!

सुश्रुत हिला लांगली म्हणतो. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरलेला पाहिला की नाव पटतं: दोन फाटे कोनात जोडलेले, अगदी नांगरासारखे. अग्निशिखा हे नाव मात्र फुलावरून. कळी हिरवट, खाली मान घातलेली. उमलताना सहा पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात, कडा झालरीसारख्या, बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल. दिवस जातील तसा लाल रंग खाली उतरत जातो. पुंकेसर बोटांसारखे चहूकडे फाकलेले असतात, म्हणून हात. पानांची टोकंसुद्धा गुंडाळलेली असतात. त्यांनीच वेल आधार धरत चढते.

हाताची ही कल्पना एकट्या कोकणाची नाही. तमिळमध्ये हे फूल कांदळ. तिथले प्राचीन कवी बायकांच्या बोटांना याचीच उपमा देत. आज ते तमिळनाडूचं राज्यफूल आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं 'ग्लोरिओसा सुपर्बा'. नुसती स्तुती! ना कंद, ना कळ, ना ज्वाळा. त्यापेक्षा आमची नावं बरी, निदान काही सांगतात तरी.

कळलावी हे नाव तर धोकाच सांगतं. हिच्या सगळ्या अंगात कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असतं, कंदात नि बियांत फार. गाऊट या सांधे सुजण्याच्या दुखण्यावर हेच द्रव्य औषध म्हणून देतात, पण अगदी मोजून. कणगी-करांद्याच्या जातीचा समजून हा कंद कुणी खाल्ला तर जिवावर बेततं. तेव्हा गौरीसाठी फुलांचे दांडेच तोडा, वेल मुळासकट उपटू नका. आणि विसर्जनानंतरचं निर्माल्य गुरांपुढे टाकू नका, त्यांनाही ती बाधते.